दवाखान्यातले नाव दवाखान्यातच राहावे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरत आली होती. पस्तिशीच्या आसपासची एक बाई थोरल्या मुलीच्या खांद्याचा आधार घेत आत आली. दोन दिवस अंगात ताप, ओटीपोटात दुखणे आणि आठवडाभर अंगावरून रक्त जात होते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. नाडी १२० च्या पुढे. मुलीला बाहेर बसवून मी विचारले, "बाई, दिवस गेले होते का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, माझं नाव कुठं लागणार नसंल तर सांगते."

हकीकत अशी. पदरात तीन मुले. चौथ्यांदा दिवस राहिले. नवरा कारखान्यावर, हातात पैसा नाही. सरकारी दवाखान्यात जायचे तिने ठरवले होते. पण शेजारणीने घाबरवले. तिथे आधार कार्ड घेतात, नवऱ्याची सही लागते, नाव कम्प्युटरवर चढते आणि पोलिसांकडे जाते! बाई घरीच राहिली. कुणाकडून तरी गोळ्या मागवल्या. या गोळ्यांना आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली परवानगी आहे. हिचा तिसरा महिना उलटून गेला होता. गर्भाचा काही भाग पिशवीत राहिला आणि त्यात जंतुसंसर्ग झाला. तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. पिशवी साफ करावी लागली, दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. बाई वाचली. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, ते लिहवत नाही.

वाचकहो, या बाईला अॅनिमिया होता, जंतुसंसर्ग होता. पण ती ज्या दुखण्यापायी मरणाच्या दारात गेली, ते दुखणे होते नाव फुटण्याची भीती. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता दवाखान्यातल्या वहीविषयी लिहितो. त्या वहीत काय लिहितात, ती कोण उघडू शकतो आणि कोण उघडू शकत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

माझी एक चूक

शेजारणीला दोष देण्याआधी मी माझीच एक चूक सांगतो. १९९५ सालचा मार्च महिना. मला दवाखाना थाटून वर्षही झाले नव्हते. त्या काळी कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे वरून ठरवून येत. प्रत्येक कर्मचाऱ्याने मार्चअखेर इतक्या 'केसेस' द्यायच्याच. एके दुपारी आरोग्य खात्यातले एक ओळखीचे गृहस्थ आले. चहा झाला. मग म्हणाले, "डॉक्टर, गर्भपातासाठी तुम्ही ज्यांना पाठवलंत, त्यांची नावं द्या की. त्यांना ऑपरेशनचं पटवता येईल. त्यांचंच भलं आहे."

मी गर्भपात करत नाही. त्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि मान्यता असलेल्या ठिकाणी रुग्ण पाठवतो. पण कुणाला कुठे पाठवले, याची माझी एक वही होती. मी ती पुढे केली. त्यांनी अकरा नावे उतरवून घेतली.

त्यातल्या एका घरी कर्मचारी गेली आणि सासूच्या देखत बोलली, "परवा पिशवी साफ केलीत ना, आता ऑपरेशनही उरकून टाका." घरात कुणालाच काही ठाऊक नव्हते. सूनबाईची रवानगी माहेरी झाली. ती पुन्हा माझ्याकडे कधी आली नाही. तिच्या गावातल्या इतर बायकाही यायच्या थांबल्या.

माझ्या हेतूत खोट नव्हती, त्या गृहस्थांच्याही नसेल. पण ते नाव माझ्या मालकीचे नव्हते. ते बाईचे होते आणि माझ्याकडे केवळ ठेव म्हणून होते. १ एप्रिल १९९६ पासून केंद्र सरकारने ती उद्दिष्टांची पद्धत बंद केली. माझी वही मात्र मी त्याआधीच कुलपात घातली होती.

कायद्याने वहीला लावलेले कुलूप

आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका दगावतात, हे पाहून १९६४ साली सरकारने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. म्हणजे या कायद्याच्या मुळाशीच बायकांचे जीव वाचवण्याचा विचार आहे.

हा कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पुरती कळली होती. नाव गुप्त राहील अशी खात्री नसेल, तर बाई चांगल्या डॉक्टरकडे येणारच नाही. म्हणून नियमांत नावाची काळजी अगदी बारकाईने घेतली आहे. मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीचे नाव फक्त एकाच नोंदवहीत लिहायचे. तिथे तिला एक क्रमांक मिळतो. त्यानंतर केसपेपर, ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर, पुढच्या तपासणीचे कार्ड या कशावरही नाव घालायचे नाही, तो क्रमांकच घालायचा. तिचे संमतिपत्र आणि डॉक्टरांचे मत पाकिटात घालून सीलबंद करायचे. त्यावर क्रमांक आणि 'गुप्त' असे लिहून प्रमुखाच्या ताब्यात ठेवायचे. नोंदवही त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे जपायची. कायद्याने अधिकार दिल्याशिवाय ती कुणालाही पाहता येत नाही.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला रजेसाठी दाखला हवा असेल, तर तिने मागितल्यावर तो देता येतो. पण तो वाचून साहेबाने चार लोकांना सांगायचे नाही, हेही नियमात लिहिले आहे!

सरकारला माहिती जाते ती कोणती? केंद्राकडून दर महिन्याला जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे एक तक्ता जातो. किती स्त्रिया आल्या, कोणत्या वयोगटातल्या, कितव्या आठवड्यात, कोणत्या कारणासाठी, असे आकडे त्यात असतात. नावे नसतात. योजना आखायला आकडे पुरतात.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. गुप्ततेची बाब आता थेट कायद्याच्या कलमात आली आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव वा ओळख पटेल असा तपशील डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगितला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १९९५ साली मी जे केले ते आज कुणी केंद्रचालक डॉक्टर करील, तर त्याला तुरुंग पाहावा लागेल. आणि ते योग्यच आहे.

आता शेजारणीचे बोलणे तपासू. स्त्री अठरा वर्षे पूर्ण झालेली असेल तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही या कायद्यात कुठेही मागितलेली नाही. एका पतीने आपल्या संमतीवाचून गर्भपात झाला म्हणून नुकसानभरपाई मागितली होती. ती मागणी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळली गेली. आधार कार्डाचीही अट कायद्यात नाही. प्रत्यक्षात काही ठिकाणी हे कागद मागतात, ही गोष्ट खरी. मागणारा बहुधा स्वतःच्या बचावासाठी मागतो. पण त्याची भीती बाईच्या जिवावर येते.

पोलिसांची भीती मात्र अगदीच हवेतून आलेली नाही. या कायद्याच्या चौकटीबाहेर केलेला गर्भपात आजही गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आहे. म्हणूनच मान्यताप्राप्त केंद्रात जाणे हे तब्येतीच्या आणि कायद्याच्या, दोन्ही दृष्टींनी सुरक्षित. आमच्या बाईने भीतीपोटी नेमका उलटा रस्ता धरला.

मग सोनोग्राफीचा अर्ज कशाला?

इथे एक शंका येईल. "डॉक्टर, सोनोग्राफीला गेलं की नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, मुलं किती, मुली किती, सगळं लिहून घेतात. ते कसं चालतं?"

तो 'एफ' नमुन्याचा अर्ज गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. त्याची गरज का पडली, ते आकडेच सांगतात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. कोल्हापुरात तर जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणी टिपून ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' उपकरण बसवायला लावले. खासगीपणाचा मुद्दा घेऊन रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.

मला हा निर्णय पटतो. त्या कायद्याचा रोख यंत्र चालवणाऱ्यावर आहे. गर्भवतीवर घरच्यांनी दबाव आणला असावा, असेच तो कायदा आधी गृहीत धरतो. पण एका कायद्याची चावी दुसऱ्या कायद्याच्या कुलपाला लावायची नसते. २०१२ साली बीड जिल्ह्यातले प्रकरण गाजल्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या. गुन्हेगार पकडलेच पाहिजेत. पण त्या धामधुमीत 'गर्भपात म्हणजे भ्रूणहत्या' असे समीकरण लोकांच्या मनात बसले. कित्येक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले, काही डॉक्टरांनी ते काम सोडून दिले. वास्तविक बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात, आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग नीट कळतही नाही. कायदेशीर वाट अरुंद झाली की बाई आडवाटेने जाते.

वयात न आलेली मुलगी

सगळ्यांत अवघड प्रसंग हा. आई सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन येते. पाळी चुकलेली. मुलगी अठराच्या आतली असल्याने पालकाची संमती लागते. शिवाय २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याप्रमाणे अशी घटना कळली की पोलिसांना खबर देणे सक्तीचे आहे. न देणाऱ्या डॉक्टरला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खबर द्यावी तर आई हात जोडते, "साहेब, पोरीचं लग्न व्हायचंय." न द्यावी तर डॉक्टर आत. परिणामी काही डॉक्टर दारातूनच परत पाठवत आणि मुलगी कुठल्या तरी अडाणी हातात पडे.

या कोंडीतून सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी वाट काढली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना खबर द्यावी, पण मुलीचे नाव व ओळख सांगण्याची गरज नाही. पुढे खटल्यातही डॉक्टरला ती सांगण्याची सक्ती नाही. अविवाहित स्त्रीलाही विवाहितेप्रमाणेच २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळेल, हेही याच निकालाने ठरवले. तरीही ठाण्यातून नावाचा आग्रह होतच राहिला. तेव्हा २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा बजावावे लागले.

यात गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा हेतू नाही. मुलीवर जबरदस्ती झाली असेल, तर मी स्वतः आईला बसवून तक्रार करायला सांगतो. पण उपचार आधी. तक्रारीची अट घालून उपचार रोखणे वैद्यकात बसत नाही.

सरकारचा हात किती लांब?

कुणी म्हणेल, सरकारला कळले तर एवढे काय बिघडले? बिघडते कसे, ते इतिहासात दिसते. आणीबाणीत मी पहिलीत होतो. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांना नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा होता. गावात कुणाला किती मुले, याची यादी ते रात्री कंदिलाच्या उजेडात करत बसत. त्या दिवसांत गावातले पुरुष शाळेचा रस्ता टाळत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केले होते. सुदैवाने ते कायद्यात उतरले नाही. पण सरकारी दवाखान्याविषयी लोकांच्या मनात बसलेला धसका पुढे कितीतरी वर्षे पुरला.

रुमानियात याच्या उलट घडले. तिथल्या चाउशेस्कू राजवटीला लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ साली हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. पुढे कारखान्यांत कामगार स्त्रियांची सक्तीची तपासणी होऊ लागली आणि रुग्णालयांवर पोलिसांची नजर राहिली. चोरून केलेल्या गर्भपातांत इतक्या स्त्रिया दगावल्या की मातामृत्यूंत तो देश युरोपात सर्वांत वर गेला. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, हुकूम रद्द झाला, आणि एका वर्षात मातामृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. औषधे तीच, डॉक्टर तेच. फक्त बाईच्या डोक्यावरची भीती उतरली होती.

एका सरकारला मुले कमी हवी होती, दुसऱ्याला जास्त. दोघांनीही बाईच्या शरीराची नोंद स्वतःच्या कामाला जुंपली. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली, मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

आता वह्यांच्या जागी कम्प्युटर आले आहेत. गरोदरपणाची नोंद आशाताई व नर्सबाई करतात. ती केलीच पाहिजे. लसी, लोहाच्या गोळ्या, योजनेचे पैसे, सारे त्यावर अवलंबून असते. 'आभा' क्रमांकही आहे. तो ऐच्छिक आहे आणि त्यावरची माहिती तुमच्या संमतीनेच दुसरीकडे जायला हवी. माझी आशाताईंना एकच विनंती. नोंदीतली गरोदर बाई पुढच्या खेपेला गरोदर दिसली नाही, तर "काय झालं गं?" हा प्रश्न ओसरीवर, चार माणसांत विचारू नका. १९९५ साली एका घरात तो तसाच विचारला गेला होता.

लक्षात ठेवा

१. पाळी चुकली की आठ दिवसांत तपासणी करा. निर्णय जितका लवकर, तितका धोका कमी.

२. केंद्र मान्यताप्राप्त आहे का, ते आधी विचारा. गोळ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नका. गर्भ पिशवीबाहेर, नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि जीव जाऊ शकतो.

३. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. कुणी मागितली तर "कायद्यात कुठे आहे?" असे शांतपणे विचारा.

४. गोळ्यांनंतर तासाला दोन मोठे पॅड भिजून असे सलग दोन तास रक्त जात राहिले, ताप दिवसाहून अधिक टिकला, घाण वास आला, भोवळ आली किंवा पोटात असह्य दुखले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका.

५. तुमच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. शेजाऱ्याला, पुढाऱ्याला किंवा साहेबाला तो हक्क नाही.

६. माझ्या व्यवसायबंधूंनो, कुणी तोंडी नाव मागितले तर लेखी आदेश आणि कायद्याचे कलम मागा. निम्मे लोक तिथूनच परत जातात.

त्या दिवशी मी त्या बाईला म्हणालो होतो, "नाव कुठंही लागणार नाही, तू सगळं खरं सांग." तिने सांगितले म्हणून निदान झाले आणि जीव वाचला. महिन्याभराने ती तपासणीला आली. पापणीला थोडी लाली आली होती. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तांबी बसवण्याविषयी बोललो. निघताना दारात थांबून तिने माझ्या टेबलावरच्या वहीकडे एकवार पाहिले. मी ती तिच्या देखत कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.